जुन्या गाडीची पेट्रोलची टाकी: जोडांना नेमकं काय लावायचं?

खटाराप्रेमी
नमस्कार मंडळी. गाडी साठच्या दशकातली सलून, टाकी डिकीच्या खाली. दोन वर्षं खपून गाडी उभी केली, इंजिन छान चालतंय, पण रोज सकाळी टाकीखाली तळहाताएवढा ओला डाग असतो आणि गॅरेजचं दार उघडलं की वासच आधी अंगावर येतो. थेंब ड्रेन प्लगला लोंबताना दिसतो, म्हणून प्लग काढून टेफ्लॉन टेपचे तीन वेढे दिले. दोन दिवस एकदम कोरडं. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. टाकीला एकूण तीन जागी जोड आहेत: तळाचा ड्रेन प्लग, इंजिनाकडे जाणाऱ्या नळीचा युनियन आणि बाजूला स्क्रूंनी बसवलेली सेंडरची गोल प्लेट (काट्याला पेट्रोल किती ते सांगणारी).
प्रश्न साधा आहे. पेट्रोलला टिकेल असं कोणतं सीलंट तिन्ही जागी लावून मोकळं व्हावं?

टोमणेबहाद्दर
जुनी गाडी गळायची थांबली की समजावं, आतलं संपलं. तुमची अजून गळतेय, म्हणजे तब्येत ठणठणीत आहे.

तेलकट बाही
तिन्ही जागी एकच औषध नाही चालायचं. आधी प्रत्येक जोड नक्की कुठे अडवतो ते बघा.
ड्रेन प्लगचे आटे बहुतेक गाड्यांत सरळ असतात. सरळ आट्यांचं काम फक्त दाबून धरायचं, पेट्रोल अडवतो तो डोक्याखालचा वॉशर. वॉशर कडक झालेला असेल किंवा टाकीवरची बैठक ओरखडलेली असेल, तर आट्यांना काहीही गुंडाळा, आज ना उद्या वाट सापडतेच.
नळीचा युनियन फ्लेअरचा असेल तर नळीचं फुलवलेलं तोंड समोरच्या शंकूवर घट्ट बसतं आणि तिथे अडतं. नटाच्या आट्यांपर्यंत पेट्रोल पोचायलाच नको. पोचलं, तर शंकूवर काहीतरी बिघडलंय. ऑलिव्ह, म्हणजे पितळी कडं असलेला जोड असेल तर तेच, कडं नळीवर आवळून अडवतं.
आट्यांनीच अडवायचं असतं ते फक्त निमुळत्या आट्यांत. तिथे टेप किंवा पेस्ट लागते.
सेंडरच्या प्लेटला गास्केट, म्हणजे दोन पत्र्यांमध्ये दाबली जाणारी मऊ चकती.
म्हणून आधी सांगा, प्लगला वॉशर होता का?

खटाराप्रेमी
@तेलकट बाही, वॉशर आहे. तांब्याचा. तोच जुना परत लावला.

अर्धा पाना
तोच जुना. घ्या.

मागचं चाक
इथे टेपला उगाच झोडपताय. माझ्या गाडीच्या तिन्ही जोडांना आठ वर्षं टेफ्लॉन आहे, एक थेंब नाही. टेफ्लॉनला पेट्रोल काहीही करत नाही, हे रसायनशास्त्र आहे.

रसायनी
@मागचं चाक, अर्धं बरोबर. टेफ्लॉन पेट्रोलमध्ये विरघळत नाही, फुगत नाही, कुजत नाही. म्हणूनच तर पंचाईत आहे. जोड परत उघडला की आट्यांत अडकलेले धागे सुटतात आणि विरघळत नसल्यामुळे जसेच्या तसे पुढे जातात. एकदा गाडी गरम असताना कार्ब्युरेटर वाहायला लागला. पातळी सांभाळणारा तरंगता फ्लोट पाहिला, ठीक. पेट्रोल अडवणारी सुई, म्हणजे नीडल व्हॉल्व्ह, नवा होता. भिंग लावून पाहिलं तर बैठकीवर केसापेक्षा थोडी जाड पांढरी तार. टेप. मीच लावलेली, दोन वर्षांपूर्वी, टाकीच्या तोटीला.
निमुळत्या आट्यांना टेप लावायचीच असेल तर नळकामाची पातळ पांढरी नको, गॅस आणि इंधनासाठीची जाड पिवळी घ्या. टोकाचे पहिले एक-दोन आटे मोकळे सोडा. गुंडाळायची दिशा अशी की फिटिंग घट्ट करताना टेपही आवळली जाईल, उलगडणार नाही. फ्लेअरला मात्र टेप कधीच नाही. नटाच्या आट्यांवर लावली तर उपयोग शून्य, आणि शंकूवर लावली तर धातूला धातू भिडणारच नाही.

मागचं चाक
आठ वर्षांत जोड उघडला नाही, हे कबूल. :)

निवांत
आमचे उस्ताद असल्या भानगडीत पडत नसत. स्पिरिटमध्ये चपडी लाख विरघळवून बाटली भरून ठेवलेली असायची. ब्रशाने आट्यांना, गास्केटच्या दोन्ही बाजूंना एक हात, चिकट झाली की जोड आवळायचा. वर्षानुवर्षं हलत नसे. उघडताना मात्र बापजन्मी न काढलेल्या शिव्या निघायच्या.

रसायनी
निवांतकाका, उस्ताद अगदी बरोबर होते. त्यांच्या काळच्या पेट्रोलसाठी. लाख पेट्रोलला दाद देत नाही, पण ती विरघळवायला तुम्ही काय वापरलंत? स्पिरिट, म्हणजे अल्कोहोल. आता पेट्रोलमध्येच इथेनॉल मिसळलेलं असतं, तेही अल्कोहोलच. मग पेट्रोल आतून लाख हळूहळू धुऊन काढतं. जुन्या कार्ब्युरेटरमधल्या बुचाच्या (कॉर्कच्या) फ्लोटला लाखेचा हात असायचा, तोही असाच सुटतो. मग बूच पेट्रोल पितं, जड होतं, बुडतं, आणि माणूस नीडल व्हॉल्व्ह बदलत बसतो.

निवांत
असं होय. म्हणजे लाख बिघडली नाही, पेट्रोल बदललं. उस्ताद असते तर त्यांनी पेट्रोललाच शिव्या घातल्या असत्या.

झकास_गॅरेज
इतकी चर्चा कशाला? सिलिकॉन गास्केट मेकरची ट्यूब घ्या, तिन्ही जागी भरपूर लावा, चोवीस तास वाळू द्या. काम फत्ते.

तेलकट बाही
नको! नको! नको!

गंजकाढू
@झकास_गॅरेज, हे करून झालंय. साधं सिलिकॉन तेलाला, पाण्याला, उष्णतेला झकास, पण पेट्रोलमध्ये ते फुगतं, मऊ होतं आणि पापुद्र्यासारखं सुटतं. मी सेंडरच्या प्लेटला लावलं होतं. बाहेरून सुरेख निळी कड दिसायची. सहा महिन्यांनी गाडी चढावर दम टाकायला लागली. टाकीतली जाळी काढली तर तिच्यावर निळ्या जेलीचे गोळे. बाहेर कड दिसते तेवढीच आतही पिळून निघालेली असते, आणि ती आतली कुणाला दिसत नाही. फ्लुओरोसिलिकॉन नावाचा इंधन सोसणारा प्रकार असतो, पण साध्या ट्यूबमध्ये तो नसतो.

झकास_गॅरेज
बरं बाबा. ट्यूब ठेवली खाली.

नवशिकी
प्रश्न बावळट वाटेल, पण मग लावायचं काय? नुसतं 'हे नको, ते नको' चाललंय.

तेलकट बाही
बावळट अजिबात नाही, ताई.
सरळ आट्यांचा प्लग: नवा वॉशर आणि साफ बैठक. आट्यांना काही नाही.
फ्लेअर, ऑलिव्ह: काही नाही. फार तर फ्लेअरच्या नळीच्या मागच्या बाजूला, जिथे नट घासतो, तिथे तेलाचा एक थेंब, म्हणजे आवळताना नळी पिळत नाही.
निमुळते आटे, धातूत धातू: इंधन चालतं असं स्पष्ट लिहिलेली थ्रेड सीलंट पेस्ट. यातली अनएरोबिक जात हवा मिळाली नाही की धातूच्या सान्निध्यात घट्ट होते. प्लॅस्टिकच्या फिटिंगला ती लावू नका, काही प्लॅस्टिकना तिने तडे जातात.
सेंडरची प्लेट: नायट्राइल रबराचं गास्केट, इथेनॉलवालं पेट्रोल असेल तर व्हायटॉन रबर जास्त बरं. त्यावर हवाच असेल तर हायलोमारसारखा कधीच पूर्ण न वाळणारा लेप, आरपार दिसेल इतका पातळ. हा लेप मुळात रोल्स-रॉइसच्या विमानांच्या इंजिनांसाठी तयार झालेला, त्यामुळे पेट्रोल त्याला नवीन नाही.

अर्धा पाना
तांब्याच्या वॉशरबद्दल राहिलं. एकदा दाबला गेला की तांबं कडक होतं, मग ते बैठकीचे बारीक ओरखडे भरू शकत नाही. नवा नसेल तर जुना लालबुंद तापवा आणि पाण्यात टाका, पुन्हा लोण्यासारखा मऊ. पोलादाच्या अगदी उलटं, पोलाद असं विझवलं तर कडक होतं. तापवताना वॉशर एखाद्या तारेत ओवून धरा. ॲल्युमिनियमच्या वॉशरला हा प्रयोग करू नका, लाल व्हायच्या आधीच वितळून खाली पडेल.

टोमणेबहाद्दर
आणि वॉशर गाडीपासून लांब नेऊन तापवा. टाकी उघडी, खाली पेट्रोल आणि हातात ब्लोटॉर्च, अशाने फक्त वॉशर मऊ होणार नाही.

नवशिकी
माझ्या गाडीतला किस्सा. टाकीची पितळी तोटी हरवली म्हणून पाव इंची दुसरी आणली. दोन-तीन वेढे मस्त गेली, मग अडली. वाटलं रंग साचला असेल, म्हणून जोर लावला. अजून एक वेढा गेला. तेव्हापासून पाझरते. पेस्ट लावली तरी पाझरते. हे काय असावं?

तेलकट बाही
एनपीटी (अमेरिकी) आणि बीएसपी (ब्रिटिश) या आट्यांच्या दोन वेगळ्या जातींचं लग्न लावलंत. दोन्हींचा निमुळतेपणा सारखाच, १६ ला १. पण पाव इंचीत एनपीटीला इंचामागे १८ आटे, बीएसपीला १९, आणि आट्याचा कोनही एकाचा ६० अंश, दुसऱ्याचा ५५. म्हणून सुरुवातीला गोडीगुलाबीने जातात आणि मग अडतात. तो शेवटचा वेढा आटे कापत गेला. आता आट्यांच्या बाजूने गोल गोल जिन्यासारखी वाट आहे, पेस्टने ती फार काळ भरणार नाही. टाकीकडचे आटे कितपत वाचलेत ते बघा आणि योग्य जातीची तोटी आणा. आटे मोजायला पिच गेज नसेल तर माहीत असलेल्या बोल्टच्या आट्यांत आटे बसवून उजेडाकडे धरा, फट लगेच दिसते.

नवशिकी
जिन्यासारखी वाट... आता झोप लागायची नाही.

गंजकाढू
यावरून एक. टाकीवरची प्लगची बैठक ही बऱ्याच जुन्या टाक्यांत पत्र्याला डाग (सोल्डर) देऊन बसवलेली वेगळी कडी असते. पत्रा शिसं-कथलाचा मुलामा दिलेला, म्हणून डाग छान धरतो, पण पिळवटणं त्याला सोसत नाही. प्लग किंवा युनियन सोडवताना एक पाना कडीला आणि दुसरा नटाला, असे दोन पाने लावाच. एका पान्याने जोर केला की नट सुटत नाही, कडीच पत्र्यातून हलते, आणि मग गळती डागातून सुरू होते. ती बाहेरून हुबेहूब प्लगमधून गळल्यासारखीच दिसते.

झकास_गॅरेज
असा डाग सुटला तर वेल्डिंग करून टाकायचं ना? टाकी रिकामी करून.

रसायनी
रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा घातक असते. जळतं ते द्रव पेट्रोल नव्हे, वाफ. हवेत ती साधारण दीड ते साडेसात टक्के असली की पेटते. भरलेल्या टाकीत वाफेला जागाच थोडी असते आणि तिथे ती बहुधा इतकी दाट असते की पेटायला हवा पुरत नाही. ओतून रिकाम्या केलेल्या टाकीत वाफ आणि हवा नेमक्या स्फोटाच्या प्रमाणात येऊ शकतात. पेट्रोल उणे ४० अंशांच्या आसपासही पेटण्याजोगी वाफ सोडतं, त्यामुळे 'आठवडाभर वाळवली' याला काही अर्थ नाही. शिवणीत, गंजात थोडं राहतंच. हे काम टाक्या धुऊन, वाफवून, आतली हवा तपासून करणाऱ्या माणसाकडेच द्या. डाग द्यायचा तरी तेच.
बाकीच्यांसाठीही: टाकीवर काम करण्याआधी बॅटरीची तार काढा. उजेडाला तारेचा जुना बल्ब नको, पडून फुटला की ठिणगी. वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत सरकत जाते, त्यामुळे गाडी खड्ड्यावर उभी करून तर मुळीच नको.

टोमणेबहाद्दर
इतका वेळ मी विनोद करत होतो. यावर नाही करत.

मागचं चाक
परत मूळ प्रश्नाकडे. @खटाराप्रेमी, तुमचं एक वाक्य मघापासून डोक्यात घोळतंय. टेप लावल्यावर दोन दिवस कोरडं, तिसऱ्या दिवशी गळती. टेप लावायला ड्रेन प्लग काढलात, म्हणजे टाकी पूर्ण रिकामी केली असणार. नंतर परत किती भरलंत? आणि तिसऱ्या दिवशी काय केलंत?

खटाराप्रेमी
कॅनमधलं साधारण दहा लिटर परत ओतलं. तिसऱ्या दिवशी पंपावर जाऊन फुल केली... अरे!

मागचं चाक
तेच. गळती टेपने थांबली नव्हती, पातळी खाली गेली म्हणून थांबली होती. तळाचा प्लग गळत असता तर दहा लिटरलाही गळला असता. तुमचं छिद्र वर कुठेतरी आहे. सेंडर बाजूला आहे म्हणालात ना?

अर्धा पाना
दंडवत. टेपवाल्याने टेपला निर्दोष सोडवलं.

गंजकाढू
पटलं. पेट्रोल पत्र्यावरून पसरत, शिवणीच्या कडेने खाली येतं आणि सगळ्यात खालच्या टोकाला लोंबतं. ते टोक बहुतेक वेळा ड्रेन प्लगच असतं. थेंब दिसतो तिथे छिद्र असतंच असं नाही. टाकी बाहेरून पुसून कोरडी करा, तिन्ही जोडांभोवती खडूची पूड नाहीतर टाल्कम पावडर ब्रशाने फासा आणि टाकी भरा. पहिली ओली रेघ कुठून निघते ते बघत बसा. कॉम्प्रेसरने हवा भरून तपासायचा मोह आवरा, टाकीचे सपाट पत्रे अगदी थोड्या दाबानेही फुगतात.
आणि काठोकाठ भरू नका. गार पेट्रोल टाकीत भरून गाडी उन्हात उभी केली तर ५० लिटरचं २० अंशांच्या फरकाला जवळजवळ लिटरभर फुगतं. त्याला जागा नसेल आणि टाकीची श्वासनळीही तुंबलेली असेल, तर चांगलं गास्केटही पाझरेल.

अवलिया_चालक
अवांतर: न गळताही जोड खराब असू शकतो. पंप इंजिनाजवळ असेल तर टाकीपासून पंपापर्यंतची नळी ओढीवर असते. नळी टाकीच्या वरून निघत असेल तर तिथला सैल जोड बाहेर थेंब टाकत नाही, आत हवा घेतो. माझी गाडी हळू चालवली की शहाणी आणि वेग धरला की उपाशी. पंप बदलला, फिल्टर बदलला. होता सैल युनियन, पाव वेढा.

खटाराप्रेमी
चार दिवसांनी हजर. @मागचं चाक, तुम्हाला साष्टांग. पावडर फासून टाकी भरली. प्लग आणि युनियन कोरडे ठक्क. सेंडरच्या प्लेटच्या खालच्या दोन स्क्रूंमधून ओली रेघ निघाली आणि शिवणीला लागून प्लगवर जाऊन थांबली. म्हणजे दोन वर्षं मी चुकीच्या माणसावर आळ घेत होतो.
पेट्रोल काढून प्लेट सोडवली. बुचाचं गास्केट, कडक, बिस्किटासारखं मोडलं. प्लेट काचेवर ठेवली तर डुलते. प्रत्येक स्क्रूपाशी पत्रा आत दबलेला, मध्ये उंच.

तेलकट बाही
हे घरोघरी आहे. बूच पाझरलं की माणूस स्क्रू अजून आवळतो, पत्रा वाकतो, मग स्क्रूंच्या मधल्या भागात दाबच उरत नाही. प्लेट लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवून हलक्या हातोडीने सपाट करा. टाकीच्या बाजूची कडही बघा, तीही तशीच वाकते. स्क्रूंची भोकं आरपार टाकीत उघडत असतील तर पेट्रोल आट्यांमधूनही येतं, म्हणून प्रत्येक डोक्याखाली फायबरचा वॉशर आणि आट्यांना लेपाचा ठिपका. समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे आवळत जा. गास्केट कडेने किंचित फुगलेलं दिसलं की थांबा.
आणि सेंडरचा फ्लोट हलवून कानाशी धरा. आत खळखळ आली तर पितळी फ्लोटला भोक आहे, आत्ताच बदला.

खटाराप्रेमी
सगळं तसंच केलं. व्हायटॉनचं गास्केट, फायबरचे वॉशर, पातळ लेप. टाकी पाऊण भरली. रात्रभर एकदम कोरडी, वास नाही. फक्त पेट्रोलचा काटा मेलाय. सेंडर बिघडवला की काय मी?

अर्धा पाना
नाही हो. आधी सेंडरला अर्थ (विजेचं अर्थिंग) स्क्रूंमधून टाकीकडून मिळत होता. आता खाली रबर, डोक्याखाली फायबर, आट्यांना लेप. बिचारा चारी बाजूंनी बंद. प्लेटवरून चॅसीला एक अर्थची तार द्या. रंग खरवडून चकचकीत पत्र्याला लावा, आणि तार जोडताना बॅटरी सुटलेलीच असू द्या.

खटाराप्रेमी
काटा हलला! पाऊण टाकीवर उभा आहे. टाकीखाली टाकलेला पुठ्ठा सकाळी कोरडा होता, तो डिकीत जपून ठेवलाय.

टोमणेबहाद्दर
कोरडी? मग आतलं संपलं असणार. पुन्हा बघा.

रसायनी
एक राहिलं. ड्रेन प्लगवरची ती तीन वेढ्यांची टेप काढलीत का?

खटाराप्रेमी
...

तेलकट बाही
आणि तो जुना वॉशर?

खटाराप्रेमी
रविवारी काढतो. दोन्ही.